बिरसी ते बेलोरा : दोनशे ऐंशी किलोमीटर

ताईचा गोंदियाहून फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होते. २०२५ चा मे महिना, नागपूरची दुपार, आणि आमच्या बाळूच्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर. लग्न अमरावतीला. ताईचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले.

"बेबी, अमरावतीचं विमान सुरू झालं ना आता?" ती म्हणाली. "आमच्या इथं बिरसीला विमानतळ आहेच. नातीनं मोबाइलवर पाहिलं. दोनशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर आहे म्हणे, पन्नास मिनिटांत पोचते. मग काढ ना माझं तिकीट."

नातीनं पाहिलं ते बरोबरच होतं. कोणत्याही दोन विमानतळांची नावं टाकली की मोबाइल मधलं अंतर सांगतो आणि उड्डाणाला लागणारा वेळही सांगतो. तो नुसता हिशेब असतो. त्या दोन ठिकाणांमध्ये विमान जातं की नाही, याच्याशी त्या हिशेबाचा काही संबंध नसतो. बिरसीहून अमरावतीच्या बेलोऱ्याला विमान जात नाही. हे ताईला फोनवर सांगताना मला वाईट वाटलं, कारण तिच्या आवाजात हुरूप होता.

एकतीस वर्षं मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. अंतर आणि वेळ हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण ते दोन वेगळ्या घरचे आहेत, हे मुलांना समजावण्यात माझे कितीतरी तास गेले. ताईच्या तिकिटानं तो धडा पुन्हा माझ्यापुढे उघडला.

आधी अंतराचं पाहू. गोंदियाजवळचं बिरसी साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आणि ८०.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. अमरावतीजवळचं बेलोरा २०.८ अक्षांश आणि ७७.७ रेखांशावर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, तो कुठेही मोजा. रेखांशाचं तसं नाही. रेखांश विषुववृत्तावर एकमेकांपासून सगळ्यांत लांब असतात आणि ध्रुवाकडे जाता जाता संत्र्याच्या फोडींसारखे एका टोकाला मिळतात. आपल्या विदर्भाच्या पट्ट्यात एका रेखांशाची रुंदी साधारण १०४ किलोमीटर भरते. आता उत्तर-दक्षिण फरक सुमारे ७९ किलोमीटर, पूर्व-पश्चिम फरक सुमारे २६७. पुढचं काम शाळेतला पायथागोरस करतो : २७८. मोबाइलमधलं सूत्र याहून बारीक असतं, ते पृथ्वीची गोलाई धरून चालतं, पण एवढ्या अंतराला उत्तर तेच येतं.

गोलाईचा खरा प्रताप लांबच्या प्रवासात दिसतो. वर्गात मी पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घेऊन जात असे. दोऱ्याचं एक टोक नागपूरवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरायचं आणि दोरा ताणायचा. मुलांना वाटायचं तो अरबस्तान, आफ्रिका आणि मग अटलांटिक ओलांडून जाईल. ताणला की तो घसरत घसरत वर रशियाकडे आणि स्कँडिनेव्हियाकडे सरकायचा. गोलावरचा सगळ्यांत जवळचा रस्ता तोच. सपाट नकाशा हे दाखवू शकत नाही.

बिरसी आणि बेलोरा या दोन ठिपक्यांमध्ये मी घरच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि क्षणभर बघतच राहिले. रेघ नागपूरवरून जाते! सीताबर्डीच्या किंचित उत्तरेला, मानकापूर-झिंगाबाई टाकळीच्या वरून. बिरसी ते आपला सोनेगावचा विमानतळ सुमारे १३८ किलोमीटर, सोनेगाव ते बेलोरा सुमारे १४२. म्हणजे नागपूरला वळसा घालून गेलं तरी अंतर जेमतेम एक-दोन किलोमीटरनं वाढतं. ताईचं न मिळणारं विमान असतं, तर ते माझ्या डोक्यावरूनच गेलं असतं.

नागपूरला अंतराचं अप्रूप जुनंच. झिरो माइलच्या दगडी स्तंभावर गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०. ते मैल रस्त्याचे. जबलपूरचे १७० मैल म्हणजे सुमारे २७४ किलोमीटर. आकाशातून सरळ गेलं तर जेमतेम २४०. घाट, नद्या, वाटेतली गावं यांना वळसे घालत रस्ता लांबतो. मुंबईचं बघा. रेल्वेनं नागपूर ते सीएसएमटी ८३७ किलोमीटर. विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६८५. आणि ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग, शिवमडका ते आमणे, ७०१. टोकं थोडी वेगळी आहेत, मान्य. पण जमिनीवरच्या रस्त्यानं आकाशातल्या रेषेच्या इतकं जवळ यावं, याचं भूगोलाच्या बाईला अप्रूप वाटणारच.

एवढं बिनचूक आपण मोजू शकतो, त्यामागे एका माणसाची दोन दशकांहून अधिक पायपीट आहे. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी विणायला सुरुवात केली. अवजड थिओडोलाइट, लोखंडी साखळ्या, ताप, जंगल. नागपूरला येताना वाटेत हिंगणघाटला जानेवारी १८२३ मध्ये तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. मी दोनदा मुलांची सहल तिकडे नेली होती. मोबाइलवर २७८ हा आकडा क्षणात उमटतो, तेव्हा मला ती कबर आठवते.

आता वेळेकडे येते. हा विषय मला आमच्या बाबांनी शिकवला, तोही शाळेत जायच्या वयात.

बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होते. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि चारही नागपूरला, सोनेगावला, येऊन थांबायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याची त्याची विमानं आपापल्या शहराकडे परतायची. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानानं जाऊ लागली. १९७३ पर्यंत हे चाललं.

मी सात-आठ वर्षांची असताना बाबा एका रात्री मला सायकलच्या दांड्यावर बसवून सोनेगावला घेऊन गेले. विमानांपेक्षा मला आठवतात त्या थैल्या. जाड किंतानाच्या, तोंडाशी सुतळीनं आवळलेल्या, गाठीवर लाल लाखेची मोहोर. बाबा प्रत्येक गाठीवर अंगठा फिरवून मोहोर शाबूत आहे का बघत, मग लेबल वाचत, मग थैली पुढच्या ढिगात. त्यांच्या बोटांना कायम लाखेचा जळका वास यायचा. भात कालवतानाही.

"चारही विमानं एकाच वेळी निघतात का?" मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "एकाच वेळी निघून कसं चालेल? एकाच वेळी पोचायला हवीत." घरी आल्यावर त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५. त्या योजनेच्या सुरुवातीच्या काळातलं डकोटा विमान ताशी पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरनं जायचं. मुंबईला सव्वादोन-अडीच तास, कलकत्त्याला साडेतीनच्या आसपास. म्हणजे कलकत्त्याचं विमान मुंबईच्या तासभर आधी उडालं पाहिजे. आणि एक अडकलं की उरलेली तीनही खोळंबणार, कारण त्यांच्यासाठीच्या थैल्या त्या चौथ्याच्या पोटात. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे वाक्य मी हजारदा वाचलं असेल. त्याचा अर्थ मला त्या पाटीवर कळला.

तेव्हा वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, एवढं गणित पुरत होतं. आज छापलेल्या वेळापत्रकात ते पुरत नाही. नागपूर-मुंबई घ्या. मोठं जेट विमान वर स्थिरावलं की ताशी सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटरनं जातं. त्या वेगानं ६८५ किलोमीटर पन्नास मिनिटांत व्हायला हवेत. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपासची वेळ असते. कारण विमानवाले वेळ उड्डाणापासून मोजत नाहीत. चाकांखालचे अडसर काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावी जागेवर उभं राहिलं की बंद. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, चढणीची आणि उतरणीची संथ वीस-वीस मिनिटं आली, आणि मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालत उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणं आलं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं.

बेलोऱ्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १६ एप्रिल २०२५ ला अमरावती-मुंबई विमान सुरू झालं. अंतर सुमारे ५४० किलोमीटर, नागपूरपेक्षा जवळपास दीडशेनं कमी. पण वेळापत्रकात वेळ होती पावणेदोन तास. ऐकणाऱ्याला वाटतं छपाईची चूक असेल. चूक नाही. बेलोऱ्याला येतं ते एटीआर ७२, पंख्याचं विमान, सत्तरेक माणसांचं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. पण बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर, आणि अशा धावपट्टीवर हेच विमान हक्कानं उतरतं. लहान गावाला विमान हवं असेल तर ते संथच येणार, आणि त्यात कमीपणा नाही.

वैदर्भीय उन्हाळाही या हिशेबात बसतो. चव्वेचाळीस अंशांना हवा पातळ होते. पातळ हवा पंखांना कमी उचलते, इंजिनालाही कमी पडते. मग उडायला जास्त धाव लागते. धावपट्टी अपुरी असेल तर वजन कमी करावं लागतं, माणसं तरी कमी किंवा सामान तरी. आणि वाऱ्याचं म्हणाल तर हिवाळ्यात वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, म्हणून नागपूरहून कोलकात्याला जाताना तो ढकलतो आणि परतताना अडवतो. बिरसी-बेलोऱ्याच्या २८० किलोमीटरांना पाचशेच्या वेगानं चौतीस मिनिटं लागतील. समोरून पन्नासचा वारा असेल तर सदतीस, पाठीमागून असेल तर तीस-एकतीस. त्यात चढ-उतार आणि जमिनीवरचं रांगणं मिळवलं की ताईच्या नातीची पन्नास मिनिटं बरोबर जुळतात.

मग विमान का नाही? ताईनंही हेच विचारलं. "काऊन गं, दोन्हीकडे विमानतळ आहे ना?"

आहे. बिरसीची धावपट्टी तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे, तिची छोटी विमानं दिवसभर गोंदियाच्या आभाळात गुणगुणत असतात. डिसेंबर २०२३ पासून हैदराबादचं विमान येऊ लागलं. पण तेव्हा बिरसीचं तोंड हैदराबादकडे होतं आणि बेलोऱ्याचं मुंबईकडे. विमान दोन गावांमधल्या रेषेवर चालत नाही, ते माणसं जिथे जाऊ मागतात तिकडे जातं. सत्तर खुर्च्या आठवड्यातून तीन दिवस भरतील एवढी माणसं गोंदियाहून अमरावतीला विमानाचं भाडं देऊन जाणार नाहीत. सरकारची उडान योजना लहान गावांच्या मार्गांना तूट भरून देते, पण तीही काही वर्षांपुरती.

ताईला विमानानंच जायचं असतं तर बिरसी ते हैदराबाद सुमारे ५१५ किलोमीटर, हैदराबाद ते मुंबई ६२५, मुंबई ते बेलोरा ५४०. एकूण १,६८० किलोमीटर. सरळ रेषेच्या सहापट, आणि विमानांचे वार जुळले नाहीत तर मुंबईत मुक्काम.

याच्या उलट टोक स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकातली वेळ दोन मिनिटं. आठ माणसांचं छोटं विमान. मधे खवळलेला समुद्र आहे, पलीकडे थोडीशी माणसं राहतात, त्यांच्याकडे शिक्षकांना आणि डॉक्टरांना पोचायचं असतं. म्हणून विमान आहे. कुणाच्या तरी डोक्यात ही गरज इतकी स्पष्ट होती, की अंतर किती हा प्रश्नच उरला नाही.

ऑर्कनीबद्दल वाचलं की मला गोंदिया-अमरावती आठवत नाही. त्या जोडीला रेल्वे आहे. मला गडचिरोलीतलं भामरागड आठवतं. भामरागड ते नागपूर सरळ रेषेत सुमारे २४५ किलोमीटर, म्हणजे बिरसी-बेलोऱ्याहून कमीच. रस्त्यानं सात-आठ तास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तेवढ्याही तासांत नाही, कारण गावाचा रस्ताच बंद होतो. गडचिरोली जिल्ह्यात अजून प्रवासी विमानतळ नाही. माझी एक विद्यार्थिनी परिचारिका होऊन त्या भागात नोकरीला होती. ती सुट्टीत भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, तिकडे अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. पाणी उतरलं की नाही, एवढंच विचारतात." आठ-दहा माणसांचं विमान आणि हजार मीटरची नीट राखलेली धावपट्टी, एवढ्यावर एखाद्या बाळंतिणीचा जीव वाचू शकतो. ऑर्कनीच्या लोकांना जे मिळतं ते आमच्या भामरागडला का मिळू नये, हा प्रश्न मी वर्गात विचारत असे आणि आताही विचारते. वाहतुकीच्या नफ्या-तोट्याचं गणित मला समजतं. पण ते सगळीकडे सारखं लावता येत नाही.

ताई शेवटी विदर्भ एक्सप्रेसनं आली. नागपूरला मी तिच्या डब्यात चढले तेव्हा ती खिडकीशी बसून ओल्या पंच्यानं मान पुसत होती. "तुझं विमान आलं," मी म्हटलं. ती हसली आणि सरकून जागा दिली. गोंदिया ते अमरावतीजवळचं बडनेरा पाच-एक तास. वर्धा गेलं, पुलगाव गेलं, धामणगाव गेलं. मांडीवरच्या डब्यात तिनं तिखट पुऱ्या आणि लोणचं आणलं होतं. बाबांच्या लाखेच्या वासाची आठवण मी काढली, तर ती म्हणाली, "आणि सुतळीचे तुकडे गं? बाबा खिशात आणायचे. आईनं सगळ्या मच्छरदाण्या त्याच सुतळीनं बांधल्या होत्या." हे मी पार विसरले होते.

लग्नानंतर दोन दिवसांनी बाळूचा मुलगा आम्हा दोघींना गाडीनं बेलोऱ्याला घेऊन गेला, ताईच्या हट्टासाठी. विमानाचा दिवस होता. कुंपणाबाहेर बाभळीच्या विरळ सावलीत गाडी उभी केली. सव्वाचारच्या सुमारास मुंबईकडून आधी एक ठिपका आला, मग दोन पंखे दिसू लागले, मग धुळीतून घसरत आल्यासारखं ते उतरलं. उतरलेली माणसं ऊन चुकवत इमारतीकडे चालली. ताईनं गाडीची काच खाली केली आणि उन्हाची झळ आत येत असतानाही ती तशीच ठेवली.

पुढच्या अर्ध्या तासात नवी माणसं चढली, दार लागलं, पंखे फिरले. चार चाळीसला हलायचं ते दोन मिनिटं आधीच हललं. मी बाबांचं घड्याळ मनगटावर बांधते, त्यात पाहिलं. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावलं, उचललं गेलं आणि पश्चिमेकडे लहान लहान होत गेलं.

ताई मात्र उलट्या बाजूला, पूर्वेकडे बघत होती.

"बेबी, हे आता आमच्याकडे गेलं असतं तर कधी पोचलं असतं?"

"साडेपाचला," मी म्हणाले.

"म्हणजे अंगणात पाणी मारायच्या वेळेला," ती म्हणाली आणि काच वर केली.